गच्चीसाठी जागा ठेवा : विमानतळ बांधणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
विमानतळांचे आराखडे काढणारे, ते मंजूर करणारे आणि विमानतळ चालवणारे सर्व अधिकारी, अभियंते व वास्तुविशारद यांस

विषय : टर्मिनलवरची प्रेक्षक गच्ची

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

तुमच्या नव्या टर्मिनलांची संकल्पचित्रं प्रसिद्ध झाली की मी ती बारकाईनं बघतो. उंच काचा, आतली झाडं, दुकानांच्या रांगा, चकचकीत फरशी. चित्रातली माणसं चाकांच्या बॅगा ओढत कुठेतरी निघालेली असतात. ज्याच्याकडे तिकीट नाही आणि तरीही जो विमानतळावर आला आहे, असा माणूस त्या चित्रांत मला आजवर दिसलेला नाही. त्यानं कुठे उभं राहायचं, एवढंच विचारण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

एके काळी त्याची जागा ठरलेली होती, टर्मिनलच्या छपरावर. मी ज्या गच्चीवर वाढलो तिचं नाव इथे मुद्दाम देत नाही. तशा गच्च्या जगभर होत्या आणि माझ्या गच्चीबद्दल जे सांगणार आहे ते त्यांतल्या बहुतेकींना लागू पडेल.

सिमेंटची उघडी जमीन, छातीपर्यंत येणारा लोखंडी कठडा आणि त्याला लहान मुलांना चढून उभं राहता येईल असा एक आडवा दांडा. दांड्यावरचा रंग पायांनी घासून गेलेला असायचा. वर छप्पर नव्हतं. ऊन लागायचं, वारा अंगावर यायचा आणि त्या वाऱ्याबरोबर जळक्या केरोसिनचा वास यायचा. तो वास आजही कुठे आला तरी माझी मान आपोआप वर जाते. खाली एप्रनवर विमानं उभी असायची, इतकी जवळ की चाकांच्या खाली लावलेले ठोकळेसुद्धा स्पष्ट दिसायचे. इंधनाची गाडी आली, नळी जोडली गेली, सामानाचा पट्टा लागला, शिडी हलवली, ठोकळे काढले, कान झाकलेल्या माणसानं हात वर केला. विमान निघण्यापूर्वी काय काय घडतं याचा सगळा क्रम आम्हांला पाठ होता, आणि तो कोणी शिकवला नव्हता.

तेव्हा प्रवासी चालत विमानाकडे जायचे. शिडी चढून वरच्या पायरीवर पोचलं की जवळजवळ प्रत्येक जण एकदा मागे वळायचा आणि गच्चीकडे बघून हात हलवायचा. कठड्याशी उभ्या असलेल्या घरच्यांना इतक्या लांबून चेहरा नीट दिसत नसे, तरी चालण्यावरून, कपड्यांच्या रंगावरून माणूस ओळखला जायचा. दार बंद झालं की खरी पंचाईत. आपला माणूस नेमका कुठल्या खिडकीशी बसला आहे ते कळायला मार्ग नाही. मग लोक सगळ्याच खिडक्यांकडे बघून हात हलवत राहायचे, आतूनही कोणीतरी हलवत असेल या भरवशावर. विमान धावपट्टीच्या टोकाला जाईपर्यंत, उडेपर्यंत, ठिपका होईपर्यंत ते तिथेच थांबायचे. निरोप पुरा व्हायला जितका वेळ लागतो तितका वेळ त्या गच्चीवर मिळायचा. आता निरोप दारातल्या ओळखपत्राच्या तपासणीशी तुटतो आणि मागून गाडीवाले हॉर्न वाजवत असतात.

आम्ही विमानवेडे गच्चीच्या दुसऱ्या टोकाला असायचो. तिथून धावपट्टीचा उंबरठा, म्हणजे विमानं जिथून उतरायला सुरुवात करतात ते टोक, दिसायचं. वह्या, दुर्बिणी, काहींकडे मोठ्या लेन्सचे कॅमेरे आणि एका काकांकडे हवाई संदेश पकडणारा छोटा रेडिओ. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वैमानिक आणि नियंत्रण मनोरा यांचं बोलणं चालतं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. त्यांचं नाव आम्हां मुलांना कधीच कळलं नाही. सगळे त्यांना रेडिओवाले काका म्हणत.

त्यांची शिकवण्याची पद्धत कडक होती. लांबून विमान येताना दिसलं की मी घाईघाईनं दुर्बीण लावून शेपटीजवळचा नंबर वाचायला बघायचो. काका दुर्बीण खाली करायला लावायचे.

"नंबर नंतर. आधी विमान कुठलं ते सांग."

"तीन इंजिनं आहेत, काका."

"ते मलाही दिसतंय. तिसरं कुठे आहे?"

"शेपटीत."

"शेपटीत कुठे? नीट बघ आणि मग बोल."

डीसी-१० आणि ट्रायस्टार यांतला फरक मी असा शिकलो. दोन्ही तीन इंजिनांची, दोन्ही एकाच काळातली, अंगानं जवळजवळ सारखी. डीसी-१० मध्ये तिसरं इंजिन उभ्या शेपटीच्या बुंध्यात आरपार बसवलेलं, एका सरळ नळीत. ट्रायस्टारमध्ये हवा घेणारं तोंड वर, पण इंजिन खाली धडाच्या अगदी शेवटी आणि मधला हवेचा मार्ग नागमोडी वळणाचा. एकदा हे डोळ्यांत बसलं की पाच-सहा किलोमीटरवरूनही चूक होत नाही. तसंच व्हीसी-१० आणि इल्युशिन-६२ यांचं. दोन्हींची चारही इंजिनं मागे, जोडी-जोडीनं, आणि आडवी शेपटी उंच टोकावर. आकाशात गोंधळ व्हायचा, पण जमिनीवर नाही, कारण इल्युशिन उभं राहिलं की त्याच्या शेपटीखालून दोन छोट्या चाकांचा एक पाय बाहेर यायचा. रिकामं असताना विमान मागे कलंडू नये म्हणून दिलेला तो टेकू. आणि ट्रायडंट! तिचं पुढचं चाक बरोबर मधोमध नसायचंच, ते डाव्या बाजूला सरकवलेलं होतं आणि आडवं मिटायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं काहीतरी मोडलं आहे. काकांनी समजावून सांगितलं आणि वर म्हणाले, "बघताना आपल्याला काय दिसायला हवं ते ठरवून बघायचं नाही."

नंबरांचीही भाषा होती. जी म्हणजे ब्रिटन, डी जर्मनी, एफ फ्रान्स, एन अमेरिका, जेए जपान, व्हीटी भारत, ९व्ही सिंगापूर. नकाशातले देश आधी आम्हांला शेपटीजवळच्या अक्षरांतून भेटले. वारा कुठून वाहतो आहे तेही आम्ही कापडी वायुदर्शकाकडे बघून सांगायचो, कारण विमानं वाऱ्याच्या तोंडावर उतरतात. वारा फिरला की धावपट्टीचं टोक बदलायचं. मनोऱ्यानं ते जाहीर केलं की रेडिओवाले काका नुसती मान हलवायचे आणि आमचा सगळा घोळका वह्या गोळा करून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पळायचा. जड विमान उतरल्यानंतर मागच्या छोट्या विमानाला जास्त अंतर ठेवून का आणतात, टेकताना चाकांतून निळसर धूर का निघतो, वेग कमी करण्यासाठी इंजिनं सोडतात त्या उलट्या झोताचा आवाज विमान जमिनीला लागल्यावर एका क्षणानं का येतो, हे प्रश्न तिथे उभं राहून पडायचे आणि उत्तरही बहुधा शेजारीच उभं असायचं. शाळेत गती, बल, ध्वनी हे धडे आले तेव्हा मला ते ओळखीचे वाटले.

हे सगळं तुम्हांला का सांगतो आहे? गच्ची म्हणजे रिकामं छप्पर होतं, असं आराखड्यातून वाटू शकतं. तसं ते नव्हतं. निरोप देणारी कुटुंबं, रविवारी मुलांना घेऊन आलेले आईवडील, निवृत्त माणसं, आमच्यासारखे वहीवाले आणि कधीतरी कामावरून सुटलेला एखादा विमान-मेकॅनिक, हे सगळे एका कठड्याला टेकून उभे राहायचे. त्यांतल्या फार थोड्यांनी विमानात पाऊल ठेवलं असेल. तरीही विमानतळ आपला आहे असं त्यांना वाटायचं.

ही हौस विमानतळाइतकीच जुनी आहे. २१ मे १९२७ च्या रात्री अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग अटलांटिक ओलांडून पॅरिसजवळच्या ल बुर्जेला उतरला तेव्हा लाखाच्या घरात लोक तिथे जमले होते. तीसच्या दशकात बर्लिनच्या टेम्पलहॉफची नवी इमारत आखली, तेव्हा सव्वा किलोमीटर लांबीच्या तिच्या वक्राकार छपरावरून लोकांना हवाई कसरती बघता याव्यात अशी योजना त्या आराखड्यातच होती. लंडनच्या हीथ्रोवर १९५५ साली उघडलेल्या क्वीन्स बिल्डिंगच्या छपरावर बागा होत्या आणि तिथे पिढ्यानपिढ्या विमानवेडे वाढले. पॅरिसच्या ओर्लीचं तर नवलच. २४ फेब्रुवारी १९६१ ला राष्ट्राध्यक्ष द गोल यांच्या हस्ते ओर्लीच्या दक्षिण टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि साठच्या दशकात त्याच्या गच्च्या बघायला येणाऱ्यांची संख्या आयफेल टॉवरच्या पाहुण्यांहून जास्त झाली. आयफेल टॉवरच्या शहरात लोक सुट्टीच्या दिवशी विमानतळ बघायला जात होते!

मग या गच्च्या का गेल्या, तेही मला ठाऊक आहे आणि ते टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. त्याच ओर्लीवर जानेवारी १९७५ मध्ये एका आठवड्यात दोन दहशतवादी हल्ले झाले. गर्दीत मिसळून विमानांच्या इतक्या जवळ जाता येतं, हीच गोष्ट हल्लेखोरांच्या उपयोगी पडली. त्यानंतर कुठल्याही अधिकाऱ्याला गच्ची उघडी ठेवताना झोप लागली नसेल, हे मी समजू शकतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर उरलेल्यांपैकीही अनेक बंद झाल्या. ज्यांच्यावर माणसांच्या जिवाची जबाबदारी आहे त्यांनी तो निर्णय घेतला, आणि त्या क्षणी तो घेणं भाग होतं असं मी मानतो.

पण सुरक्षा हे एकच कारण नव्हतं. विमानाला थेट जोडणारे पूल आले आणि गच्चीसमोरचं दृश्य त्या पुलांनी झाकलं. प्रवासी वाढले, इमारतींना नवे मजले आणि नवे हात फुटले. छपरावर वातानुकूलनाची यंत्रं बसली. टर्मिनलच्या प्रत्येक चौरस मीटरकडून उत्पन्नाची अपेक्षा होऊ लागली आणि कठड्याला टेकून तासन्‌तास उभा राहणारा माणूस त्या हिशेबात कुठे बसेना. क्वीन्स बिल्डिंग पाडली गेली आणि त्या जागी उभं राहिलेलं नवं टर्मिनल २०१४ साली सुरू झालं. माझ्या गच्चीचं दार आधी "तात्पुरतं बंद" होतं. पुढे ती पाटीही निघाली आणि मग दारच भिंतीत गेलं.

भीती खरी होती, पण तिच्यावर उपाय नाही असं म्हणणं मला पटत नाही, कारण तो उपाय जगात कित्येक ठिकाणी उभा आहे आणि तिथे रोज लोक जातात. टोकियोच्या हानेदा विमानतळाच्या तिन्ही टर्मिनलांवर उघड्या गच्च्या आहेत. त्यांतलं एक टर्मिनल २००४ साली उघडलं आणि दुसरं २०१० साली, म्हणजे दोन्ही २००१ नंतर. नागोयाजवळच्या चुबु विमानतळावर २००५ साली धावपट्टीच्या दिशेनं जाणारा सुमारे ३०० मीटर लांबीचा सज्जा बांधला गेला. झुरिचला धावपट्ट्यांच्या मधोमध असलेल्या इमारतीवरच्या गच्चीत पाहुण्यांना नेतात, पण आधी त्यांची प्रवाशांसारखीच तपासणी होते. म्युनिकनं वेगळा मार्ग काढला : टर्मिनलपासून दूर, कुंपणाबाहेर एक टेकडी उभारली आणि तिच्या पायथ्याशी सुपर कॉन्स्टेलेशन, डीसी-३ आणि युंकर्स-५२ ही जुनी विमानं मांडून ठेवली. मँचेस्टरच्या विमानतळानं धावपट्टीलगत बघ्यांसाठी बागच केली आणि तिथे एक कॉन्कॉर्ड, ते आवाजाहून वेगानं उडणारं प्रवासी विमान, ठेवलं. डॅलस-फोर्ट वर्थच्या फाउंडर्स प्लाझामध्ये मनोऱ्याचं बोलणं ध्वनिक्षेपकावर ऐकवतात, म्हणजे रेडिओवाल्या काकांचं काम तिथे विमानतळच करतो. हे सगळे विमानतळ सुरक्षेत ढिले आहेत असं तुमच्यापैकी कोणी म्हणणार नाही.

उलटा विचारही करून बघा. गच्ची नसली म्हणून विमानं बघणारे घरी बसत नाहीत. ते कुंपणाच्या जाळीशी उभे राहतात, वाहनतळाच्या वरच्या मजल्यावर जातात, रस्त्याच्या कडेला गाडी लावतात. हाँगकाँगचा 'काय टाक' हा जुना विमानतळ ६ जुलै १९९८ रोजी बंद झाला. तोवर विमानांनी तिथे उतरताना शेवटच्या क्षणी ४७ अंशांनी उजवीकडे घेतलेलं वळण बघायला लोक आसपासच्या इमारतींच्या छपरांवर चढत. कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटाच्या माहो किनाऱ्यावर धावपट्टीचं टोक आणि वाळू यांच्यामध्ये एक रस्ता आणि एक कुंपण एवढंच आहे. २०१७ मध्ये उड्डाणाच्या झोतानं कुंपणापासून फेकली जाऊन एक पर्यटक महिला तिथे मरण पावली. लोक विमानाजवळ येणारच असतील तर त्यांनी कुठे उभं राहायचं हे तुम्ही ठरवलेलं चांगलं, की ते त्यांचं त्यांनी ठरवलेलं?

आणि आमच्याबद्दलचा संशय. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथे लष्करी तळावरच्या खुल्या दिवशी विमानांचे नंबर टिपणाऱ्या १२ ब्रिटिश आणि २ डच हौशी लोकांना हेर समजून अटक झाली. २००२ च्या एप्रिलमध्ये त्यांना दोषी ठरवलं गेलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अपिलात ते सुटले. ज्या माणसाला आम्ही काय करतो हे माहीत नाही, त्याला आमची वही संशयास्पद वाटते. याउलट कॅनडात ओटावाला आणि अमेरिकेत शिकागोच्या ओहेअरला नेहमी येणाऱ्या विमानवेड्यांचे 'एअरपोर्ट वॉच' नावाचे गट बनवले गेले. कुंपणाशी काही वेगळं दिसलं तर ते कळवतात. यात नवल काही नाही. रोज तीच गाडी, तीच शिडी, तीच माणसं बघणाऱ्याला बदललेली गोष्ट आधी दिसते. आमच्या गच्चीवरही हेच होतं. एखाद्या विमानाच्या चाकाशी जरा जास्त वेळ कोणी थांबलं तर आमच्यातला कोणीतरी लगेच म्हणायचा, आज काहीतरी बिघडलंय.

कोणी म्हणेल, आता फोनवर सगळं दिसतं, मग गच्ची हवी कशाला? मीही ते बघतो. २००६ च्या सुमारास दोन स्वीडिश हौशी लोकांनी सुरू केलेल्या फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर नकाशावरच्या पिवळ्या विमानांचा मार्ग, उंची, वेग दिसतो. पण ती माहिती येते कुठून? १०९० मेगाहर्ट्झवर विमानं स्वतःची जागा सांगत असतात आणि जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी आपापल्या छपरांवर लावलेले अँटेना ती पकडतात. तुम्ही गच्च्या बंद केल्या आणि या माणसांनी स्वतःची गच्ची त्या कामाला लावली. त्यांची हौस कमी झालेली नाही. कमी झालं आहे ते एकत्र उभं राहणं, आणि आठ वर्षांच्या मुलाला "आधी विमान कुठलं ते सांग" असं विचारणारं शेजारचं माणूस.

तुमच्या नोकरभरतीशी याचा संबंध नाही असं मला वाटत नाही. वैमानिक, नियंत्रक, देखभाल अभियंते यांच्याशी बोलून बघा. पहिलं विमान कुठून पाहिलं हे त्यांतल्या अनेकांना नेमकं आठवतं. कदाचित तुमच्यातल्याही काहींनी ते कठड्याच्या आडव्या दांड्यावर चढून पाहिलं असेल. विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांचाही विचार करा. ते वर्षानुवर्षं तुमच्या विमानांचा आवाज सोसतात आणि त्या बदल्यात त्यांना दिसते ती फक्त भिंत.

घाई आहे, म्हणूनही लिहितो आहे. चार इंजिनांची मोठी विमानं चालली आहेत. बोइंग ७४७ ची १,५७४ विमानं बनली आणि त्यांतलं शेवटचं ३१ जानेवारी २०२३ रोजी ग्राहकाच्या हवाली झालं. एअरबस ए-३८० ची २५१ विमानं ग्राहकांना दिली गेली आणि २०२१ मध्ये तेही थांबलं. जी उडत आहेत ती अजून काही वर्षं उडतील. आज जी मुलं सहा-सात वर्षांची आहेत त्यांनी ७४७ टेकताना उघड्यावरून, आवाजासकट बघावं असं मला मनापासून वाटतं. काचेतून बघणं वेगळं. आपल्याच मागच्या दिव्यांची प्रतिबिंबं त्यात येतात, काळसर काच रंग खाते आणि आवाज तर येतच नाही. पायाखालची जमीन थरथरणं ही गोष्ट कुठल्याही पडद्यावर मिळत नाही.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी, ज्या गच्चीवर आयुष्य काढलेल्या माणसाला कळतात आणि आराखड्याच्या टेबलावर सुटू शकतात.

गच्ची पहिल्या आराखड्यात असली पाहिजे. इमारत उभी राहिल्यावर ती जोडता येत नाही, कारण छपरानं गर्दीचा भार पेलायला हवा, स्वतंत्र जिना आणि लिफ्ट हवी, संकटाच्या वेळी बाहेर पडायची वाट हवी. प्रवेश टर्मिनलच्या सार्वजनिक बाजूनं ठेवा आणि दारात तपासणी ठेवा. ती आम्ही आनंदानं करून घेऊ. पिशव्या उघडायला, ओळखपत्र दाखवायला, नाव नोंदवायला आमची कधीच हरकत नव्हती.

दिशेचा विचार करा. सूर्य बघणाऱ्याच्या पाठीशी असावा. उत्तर गोलार्धात याचा अर्थ गच्चीचं तोंड उत्तरेकडे, म्हणजे दिवसभर विमानांवर ऊन पडेल आणि डोळ्यांवर पडणार नाही. हे जमत नसेल तर निदान सकाळ किंवा संध्याकाळ तरी चांगली मिळावी. जाळी लावणं भाग असेल तर तारा पातळ ठेवा आणि मधे मधे लेन्स जाईल एवढ्या खिडक्या सोडा, मोठ्यांच्या उंचीवर आणि मुलांच्या व चाकाच्या खुर्चीत बसलेल्यांच्या उंचीवरही. थोडी सावली, बसायला बाकं, पाणी, स्वच्छतागृह, याहून जास्त काही नको. दुकान नाही काढलं तरी चालेल. एक फलक मात्र हवा : धावपट्टीचे आकडे म्हणजे काय, २७ म्हणजे २७० अंश, म्हणजे पश्चिमेकडे तोंड, आज विमानं कुठल्या बाजूनं येत आहेत, नोंदणीची अक्षरं कुठल्या देशाची. शक्य झालं तर डॅलससारखा मनोऱ्याचा आवाज. तो ऐकत मुलं किती शांत उभी राहतात, ते तुम्ही स्वतः येऊन बघावं असं वाटतं.

टर्मिनलवर अजिबात जागा नसेल तर म्युनिकसारखी टेकडी किंवा मँचेस्टरसारखी बाग करा, पण ती धावपट्टीच्या उंबरठ्याजवळ करा, मालधक्क्याच्या मागच्या कोपऱ्यात नको. आणि आखण्यापूर्वी तुमच्या कुंपणाशी रोज उभे राहणाऱ्या दोन-चार जणांना बोलावून विचारा. कुठून काय दिसतं, कुठल्या महिन्यात ऊन कुठे असतं, कुठली जागा उड्डाणाच्या झोतात येते, हे त्यांना तोंडपाठ असतं आणि ते सांगायला ते एका हाकेवर येतील. ज्या विमानतळांवर जुनी गच्ची अजून दाराआड तशीच पडून आहे, त्यांनी निदान एकदा तज्ज्ञांकडून तिची पाहणी करून घ्यावी आणि ती का उघडता येत नाही याची कारणं लोकांपुढे मांडावीत. कारणं पटली तर आम्ही मान्य करू.

तुमच्या पुढच्या टर्मिनलचा आराखडा मंजुरीला जाईल तेव्हा त्यात ही गच्ची आहे की नाही, एवढं कळवावं ही विनंती.

कळावे,

आपला,
गच्चीवर वाढलेला एक विमानवेडा